धावेच्या लोखंडाची बंदूक

फौजेत मी बंदूक चालवायला म्हणून भरती झालो आणि चोवीस वर्षं बंदुका दुरुस्त करत बसलो. त्या कामाला आर्मरर म्हणतात. पलटणीत कुणाचा घोडा अडकला, कुणाची पिन तुटली, कुणाच्या नळीला गंज चढला की ते हत्यार माझ्या टेबलावर यायचं. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि बीडला एसटी स्टँडच्या मागे, क्लासेसच्या गल्लीत लहानसं दुकान टाकलं. आता शिलाई मशीन आणि वजनकाटे दुरुस्त करतो. हात तेच आहेत, तेलही जवळपास तेच आहे.

फौजेत माझ्याकडं आणखी एक काम यायचं. सरहद्दीवर चकमक झाली, कुठं छापा पडला की सापडलेली हत्यारं ताडपत्रीवर मांडून ठेवत आणि आम्हा दोघातिघांना बोलावून विचारत, ही आली कुठून? नंबर बहुतेक वेळा कानशीनं घासून टाकलेले असत. पण नंबर म्हणजे काही सगळं नव्हे. नळीच्या आतले पीळ किती आणि कुठल्या बाजूला वळलेले, स्क्रूची डोकी कशी, लाकूड कुठल्या झाडाचं, रिकाम्या काडतुसाच्या बुडावर अक्षरं कुठली, हे बघत गेलं की हत्याराचं गाव सापडतं. मला त्याची गोडी लागली होती. निवृत्त झाल्यावर ते काम पुन्हा कधी करावं लागेल असं वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात फोन आला. नांदूरघाट ही माझी सासुरवाडी. तिथून पुढं डोंगराच्या कुशीत एक लहान गाव आहे, तिथल्या सरपंचांचा फोन. त्या सगळ्या भागाचा मी जावई, म्हणून ते मला दाजीच म्हणतात.

"दाजी, बारवेत बंदुका घावल्यात. ठाण्याच्या मॅडम आल्यात. त्या म्हणत्यात, जाणता माणूस आसला तर बोलवा."

"कुणी हात लावला का?"

"पोरांनी गाळातून वर काढून ठिवल्यात."

"आता लावू नका म्हणावं. निघालोच."

गावच्या तरुणांनी त्या उन्हाळ्यात जुनी बारव साफ करायला घेतली होती. गाळ, दगड, प्लास्टिक काढत काढत ते तळाशी पोचले. शेवटच्या पायरीखालच्या कोनाड्यात त्यांना चामड्याचं एक लांबट गाठोडं आणि तोंड लाखेनं बंद केलेला पितळी तांब्या सापडला. मी पोचलो तेव्हा लिंबाच्या सावलीत गोणपाटावर ते ठेवलेलं होतं. चामडं म्हणजे जुन्या मोटेचं होतं, तेल पाजून काळं झालेलं. त्यात तीन बंदुका. लाकूड बहुतेक कुजून गेलं होतं, नळ्या उरल्या होत्या.

फौजदार मॅडम तिशीच्या आतल्या, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या. त्यांनी नमस्कार केला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"काका, आधी एवढंच सांगा, यात जिवंत काही आहे का? बॉम्बवाल्या पथकाला कळवलंय, पण त्यांना यायला वेळ लागेल."

मी सगळ्यांना मारुतीच्या देवळापलीकडं उभं केलं. तिन्ही नळ्या ठासणीच्या होत्या, म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे भरून गजानं ठासायचे. तसली बंदूक भरलेली आहे का ते कळायला सोपा उपाय आहे. निरगुडीची एक सरळ फोक तोडली, सोलली, बाजूला उभा राहून हळूच पहिल्या नळीत सारली. ती आत जिथं थांबली तिथं नखानं खूण केली, मग बाहेर काढून नळीला लावून मोजली. पार बुडापर्यंत गेली होती. रिकामी. दुसरीही रिकामी. तिसरीत फोक चार बोटं आधीच अडली.

"ही भरलेली हाय," मी म्हणालो.

पाऊणशे वर्षं पाण्यात राहिलेली दारू उडत नाही असं कुणीही म्हणेल. मी म्हणत नाही. ती बंदूक दगडी भिंतीकडं तोंड करून ठेवली, भोवती मातीची पोती रचली, मग लोकांना जवळ येऊ दिलं आणि बंदुका बघायला बसलो.

आता या बंदुकांबद्दल गावात काय बोललं जात होतं ते सांगायला हवं. देश स्वतंत्र झाला तेव्हा आमचा मराठवाडा निजामाच्याच राज्यात राहिला. पुढचं वर्षभर इथं लढाईच चालली होती. एकीकडं निजामाचे पोलीस आणि रझाकार, दुसरीकडं सरहद्दीपलीकडं छावण्या टाकून राहिलेले आणि गावोगाव लपलेले लढणारे लोक. त्या काळात या गावच्या नऊ जणांनी नदीच्या वळणावरच्या नाक्यावर भर दुपारी छापा घातला आणि नाका घेतला, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढारी होते आमच्या सरपंचांचे आजोबा. त्यांनी पुण्याकडून, पलीकडच्या सरकारकडून, मशीनगन आणि एक लहान तोफ आणली होती, अशी गोष्ट तीन पिढ्या चालत आलेली. गावच्या कमानीवर आजोबांचं चित्र आहे आणि त्यांच्या हातात मशीनगन रंगवलेली आहे.

म्हणून सरपंच माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"दाजी, कुठली हाय?"

आधी भरलेलीच बघितली, पण तिला फार हलवायचं नव्हतं. बुडाशी रॉकेलचा बोळा फिरवला, दात घासायच्या जुन्या ब्रशनं हलकेच घासलं. गंजाखालून एक अंड्याच्या आकाराची खूण वर आली, आत तीन अक्षरं आणि डोक्यावर चांदणी. ती खूण मी आधीही पाहिलेली होती.

"ही बेल्जियमची."

सरपंचांचा चेहरा उजळला. "म्हंजे भायेरूनच आलत्या."

"बाहेरून खरी, पण फौजेची न्हाई ही. रानडुकरं हाकायला पाटील-देशमुखांना लायसनवर मिळायची तसली. निजामाच्या मुलखात लई होत्या."

मग मॅडमनी तांब्याची लाख फोडली. आत पितळी काडतुसं होती, चौदा, सगळी उडवलेली, मातीचा कणही न लागलेली. बुडावरची अक्षरं बघितली आणि मला एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. पुण्याजवळच्या सरकारी कारखान्याची खूण होती ती, मोठ्या महायुद्धाच्या सालातली. शिकाऊ असताना मी असली काडतुसं पोत्यांनी मोजली आहेत.

"पुण्याची," मी म्हणालो आणि सरपंच पुन्हा खूश झाले. पण मला पुढचंही सांगावंच लागलं. "पण ही रायफलीची काडतुसं आहेत. या ठासणीच्या बंदुकांत ती बसतच न्हाईत. ही नाक्यावरच्या पोलिसांनी झाडलेली असणार. तुमच्या माणसांवर."

मी खिशातलं घड्याळजीचं भिंग काढलं. काडतुसाच्या बुडाला मध्ये टोपी असते, तिच्यावर पिनचा ठोका बसतो आणि बार उडतो. प्रत्येक रायफलीचा ठोका वेगळा. नऊ टोप्यांवर खड्डा बरोबर मधोमध होता, पाच टोप्यांवर थोडा कडेला सरकलेला आणि एका अंगानं खोल. म्हणजे दोन रायफली. त्या दुपारी कुणीतरी दोघांनी या गावच्या माणसांवर चौदा गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यांची चौदाही काडतुसं माझ्या रुमालावर होती.

उरल्या त्या दोन रिकाम्या नळ्या. दोन्ही जुळ्या. त्यांच्यावर कुठलाच शिक्का नव्हता. एक उचलली, रॉकेल लावून गंज काढायला लागलो. अर्धा तास घासल्यावर नळीवर एक तिरपी रेघ दिसायला लागली. आधी वाटलं, गाळ काढताना टिकावाचा ओरखडा गेला असेल. पण रेघ थांबेना. तिच्या मागं ब्रश घेऊन गेलो तर ती नळीभोवती वळत वळत, वेल चढावी तशी, बुडापासून तोंडापर्यंत गेलेली. म्हणजे ही नळी भोक पाडून केलेलीच नव्हती. लोखंडाची पट्टी गजाभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून सांधलेली होती. पाण्यात गंज चढताना सांध्यावर तो थोडा जास्त चढला आणि सांधा उघडा पडला.

मग त्या रेघेच्या वळणानं मोजत गेलो तर दीड-दीड विताच्या अंतरावर मला हरभऱ्याच्या दाण्याएवढे गोल ठिपके दिसले. त्यांच्यावरून बोट फिरवलं. भोकं होती ती, लोखंडाचीच गुडदी घालून, ठोकून सपाट केलेली. बंदुकीच्या नळीला अशी ओळीनं भोकं कशाला असतील? हे कोडं मला फौजेतल्या अनुभवानं सुटलं नाही. सुटलं ते लहानपणामुळं. माझ्या वडिलांची बैलगाडी होती. लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी चढवतात तिला धाव म्हणतात. गोवऱ्यांच्या आरात धाव लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं, की ती आवळत जाते आणि लाकूड करकरतं. जुन्या काळच्या धावेला खिळे मारायला भोकं असायची, दीड-दीड विताच्या अंतरावर.

गाडीची धाव काढून कुणीतरी तिची बंदूक केली होती.

मी नळी आभाळाकडं धरून आत बघितलं. आत गंज होता, तरी पलीकडचा उजेडाचा ठिपका गोल होता. वाकडी नव्हती नळी. लेथ नाही, ड्रिल नाही, मोजायला काही नाही, एक ऐरण आणि एक घण यांवर एवढी सरळ नळी. मी चोवीस वर्षांत चांगल्या चांगल्या कारखान्यांच्या नळ्या हाताळल्या. त्यातल्या कुठल्याही नळीला मी मनातल्या मनात हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले.

मग दुसरी नळी घेतली. तिच्या बुडाशी फुगवटा होता, अजगरानं काही गिळल्यासारखा. नळी अशी फुगते तेव्हा आतला जोर तिच्या ताकदीपलीकडं गेलेला असतो. शंभरातल्या नव्वद वेळा ती फाटते आणि धरणाऱ्याचा हात, कधी डोकंही, घेऊन जाते. हा फुगवटा एका गुडदीच्या शेजारीच होता. गुडदी हललेली नव्हती. सांधा उसवलेला नव्हता. माझ्या टेबलावर ही नळी आली असती तर मी बाद म्हणून बाजूला ठेवली असती. हिच्यातून बार काढायची हिंमत मी केली नसती.

मॅडम पंचनाम्याचा कागद घेऊन बसल्या होत्या. "काका, बनावट काय लिहू? विलायती की...?"

"एक बेल्जियमची. दोन इथल्याच. बैलगाडीच्या धावेपासून लोहारकामानं केलेल्या, असं लिहा."

"म्हणजे गावठी."

हल्ली आमच्या जिल्ह्यात कमरेला पिस्तूल खोचून फोटो काढायची हौस वाढली आहे. पोलिसांच्या कागदावर गावठी म्हटलं की तसलंच काहीतरी डोळ्यासमोर येतं. मी म्हणालो, "तो शब्द खोटा न्हाई मॅडम, पण मी सांगतो तेवढं सगळं लिहा." त्यांनी लिहिलं.

सरपंच हळूच म्हणाले, "दाजी, कमानीवर मशीनगन रंगवलीय आमी."

मी विचारलं, "तेव्हा गावात लोहार कोण होता?"

गावात चाळीस वर्षांपासून लोहार उरला नव्हता. जे एकच घर होतं ते नांदूरघाटला गेलं होतं. नातवाचं तिथं ट्रॉल्या करायचं वेल्डिंगचं दुकान होतं. "पण त्या लोहाराची म्हातारी हाय अजून," सरपंच म्हणाले. "नव्वदी वलांडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मोटारसायकलवर गेलो. आजी दुकानाच्या मागच्या पत्र्याखाली बाजेवर बसलेल्या होत्या. अंगानं वाळलेल्या, पण मनगटं अजून रुंद. दृष्टी अधू झालेली, ऐकू मात्र नीट येत होतं. सरपंचांनी आपली ओळख सांगितली, माझी सांगितली. मी म्हणालो, "आजी, बारवेत बंदुका सापडल्यात. धावेच्या लोखंडाच्या."

त्यांचा हात बाजेच्या काठावर थांबला.

"कुनी सांगितलं तुमाला, धावेच्या म्हनून?"

"बंदुकीवरच दिसतंय, आजी. खिळ्यांची भोकं बुजवलेली दिसत्यात."

त्या म्हणाल्या, "मालकांनी शपथ घातलीती. कुनाला सांगायचं न्हाई. मालक गेले, शपथ ऱ्हायली." आणि सरपंचांकडं तोंड वळवून म्हणाल्या, "तुज्या आज्यानं नव्या गाडीची धाव उतरून दिलती. लग्नाची गाडी व्हती त्याची."

"धाव कावून दिली आजी? लोखंड मिळत नव्हतं व्हय?" सरपंचांनी विचारलं.

"मिळायचं की. पर बाजारातून आनावं तर नाक्यावर इचारायचे, कशाला पायजे, किती पायजे. गाडीच्या धावेला कोन इचारतंय? धाव लोहाराकडं येतीच."

बंदुका केल्या त्या लपून छपून नाही, दिवसाढवळ्या, रस्त्याकडेच्या भट्टीवर. लोहाराच्या घरातून घणाचा आवाज यायचाच, तो कुणाच्या कानात भरत नाही. आजी म्हणाल्या की एकदा नाक्यावरचा शिपाईच येऊन बसला, भट्टीतला निखारा घेऊन त्यानं बिडी पेटवली आणि आरात लाल झालेल्या पट्टीकडं बोट करून विचारलं, हे काय करतो बे?

"मग?"

"मालक म्हनले, नांगराची पट्टी हाय. त्यो बिडी वढत बसला. मी घन घालत ऱ्हायले."

"घण तुम्ही घालत होता?"

"मग कोन? मालक सांडशीनं धरायचे, फिरवायचे. घन माजा. सोळा वर्साची व्हते, लई ताकद व्हती."

मी त्यांच्या मनगटांकडं पाहिलं. काल ज्या सांध्याला हात जोडले होते तो सांधा या हातांनी बसवला होता आणि ते हात माझ्यासमोर बाजेवर होते. पुढचा प्रश्न मी फार जपून विचारला, कारण त्याचं उत्तर मला नळीवरून अर्धं कळलं होतं.

"आजी, त्या दिवशी एक बंदूक उडलीच न्हाई का?"

"पाटलाची विलायती. मुकी बसली ती."

ठरलं असं होतं की तीन बाजूंनी तीन बार एकापाठोपाठ काढायचे, म्हणजे नाक्याला वेढा पडलाय असं आतल्यांना वाटेल. दुपारची जेवणं झालेली, शिपाई सुस्तावलेले. धावेच्या दोन बंदुकांतली एक सरपंचांच्या आजोबांकडं, दुसरी खुद्द लोहाराकडं. लोहारानं यायचं काही कारण नव्हतं, पण तो अडून बसला. आजींनी त्याचे शब्द सांगितले: "फुटली तर करनाराच्या हातात फुटावी, दुसऱ्याच्या कावून?"

पहिला बार झाला, दुसरा झाला. तिसऱ्या बाजूनं काहीच आवाज आला नाही. आतल्यांनी ओळखलं की माणसं थोडी आहेत. दोन रायफली खिडकीतून बोलायला लागल्या. एकाच्या मांडीतून गोळी आरपार गेली. ठासणीची बंदूक पुन्हा भरायला वेळ लागतो, तोवर बाकीचे बांधाच्या आड पडून राहिले. लोहारानं बघितलं की तिसरी बंदूक मुकीच आहे, तिचा बारही आपल्यालाच काढायला हवा.

"मग त्यांनी मापानं न्हाई भरली," आजी म्हणाल्या. "आपली बी भरली, तिच्या वाटनीची बी भरली. मला घरी आल्यावर सांगितलं, कारभारनी, मी डोळं मिटून घेतलं आनि घोडा वढला."

तो बार डोंगरात घुमला. नाक्यावरची कौलं हलली म्हणतात. आतून कुणीतरी उर्दूत ओरडलं, 'तोप आई', तोफ आली, आणि शिपाई मागच्या दारानं नदीत उतरून पळाले. दोन्ही रायफली तिथंच टाकून.

फुगवटा कशानं आला ते मला कळलं. काल बारवेपाशी मी जे नुसत्या बोटांनी चाचपलं होतं त्याची सगळी हकिगत ही बाई सांगत होती, आणि एकही गोष्ट नळीशी विसंगत नव्हती.

"त्यांना काही झालं का?"

"उजव्या कानानं पुन्ना आयकू न्हाई आलं. मरस्तवर. लोक म्हनायचे, ऐरणीपुढं बसून बहिरा झाला. आमी व्हय म्हनायचो."

सरपंच इतका वेळ खाली बघत होते. त्यांनी विचारलं, "मग आजी, आमचे आजोबा ते पुन्याहून आनलेल्या तोफेचं सांगायचे, ते काय?"

"ते शानपन व्हतं त्याचं," आजी म्हणाल्या. "पळालेल्यांनी वर कळवलं, तोफ आलती. मग रझाकार आले गावात, कुनी हत्यार दिलं म्हनून मारहान केली. तुजा आज्या म्हनला, पलीकडच्या सरकारनं दिलं, पुन्याहून आलं, परत गेलं. मार खाल्ला पर त्यातनं हलला न्हाई. तोफ म्हनलं की लोहाराचं नाव कोन घेतंय? त्यानं आमाला झाकलं. पुढं राज्य गेलं तरी तीच गोष्ट चालू ऱ्हायली. आमी बी चालू दिली."

पोलीस अॅक्शननंतर गावातली सगळी हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला. बिनलायसनच्या बंदुका दाखवायची भीती वाटली म्हणून त्या मोटेच्या चामड्यात गुंडाळून बारवेत सोडल्या. मी विचारलं, रिकामी काडतुसं कशाला जपली? आजींनी माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. "पितळ कुनी टाकून देतं का? नाक्यावरनं मीच येचून आनली. तांब्या करायचा व्हता. मालकांनी करू न्हाई दिला."

आठवडाभरानं मॅडमनी स्वतःची गाडी पाठवून आजींना ठाण्यात बोलावलं. तोवर बॉम्बवाल्या पथकानं भरलेली बंदूक निकामी केली होती. बाकीच्या दोन नळ्या टेबलावर कापडावर ठेवल्या होत्या. आजींना फारसं दिसत नव्हतं. त्यांनी फुगलेल्या नळीवर हात ठेवला आणि बुडापासून तोंडापर्यंत बोटं नेली, सांध्यावरून, वळत वळत, जराही न चुकता. ठाण्यातले शिपाई कामं टाकून उभे राहिले. फुगवट्याच्या अलीकडं दोन बोटांवर त्या थांबल्या.

"हितं लोखंड निवलं व्हतं. मी बोलले व्हते त्यांना, परत आरात घाला. ते म्हनले, ऱ्हाऊ दे."

मी भिंग लावून बघितलं. सांध्यात केसाएवढी फट होती. बारवेपाशी दोन तास घासूनही ती मला दिसली नव्हती.

त्यांनी मला विचारलं, "जावई, तुमी फौजेत किती केल्या बंदुका?"

"एकही न्हाई, आजी. नुसत्या दुरुस्त केल्या."

"आसू द्या," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती बी लागती."

सप्टेंबरात मुक्तिदिनाला सरपंचांनी गावापुढं सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला धाकधूक होती, कारण कमान त्यांच्या वडिलांनी बांधलेली. पण त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं आणि शब्द न गाळता वाचलं. आजोबांनी मार खाऊन लोहाराला झाकलं, हे वाचताना मात्र त्यांना मध्येच पाणी प्यावं लागलं. आजी पुढच्या रांगेत खुर्चीवर होत्या. टाळ्या झाल्या तेव्हा त्यांनी नातवाला विचारलं, ह्या कुणासाठी म्हणून. नळ्या अजून मुद्देमालाच्या खोलीत आहेत. वस्तुसंग्रहालयाला द्याव्यात असा अर्ज गेला आहे, उत्तर यायचं आहे.

माझं मात्र मन भरेना. गेल्या हिवाळ्यात मी आणि आजींच्या नातवानं जुन्या गाडीची एक धाव मिळवली. बंदूक करायची नव्हती. वीतभर पाइप, पट्टी वळवून, नुसत्या ऐरणीवर आणि घणावर सांधून बघायचा होता. तो ट्रॉल्या करतो, मी उभी हयात लोखंड हाताळलं. विजेचा भाता होता, चांगला कोळसा होता. तीनदा वळवला. तिसऱ्या वेळी एक तोंड बंद करून त्यात पाणी ओतलं आणि दोघं वाकून बघत बसलो. सांध्यातून पाणी पाझरायला लागलं, आधी एक थेंब, मग सबंध रेघ.

आजी पत्र्याखाली बाजेवर होत्या. "किती येळ झाला तुमाला?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून, आजी. चार तास."

"आमाला एका नळीला अकरा दिस लागले व्हते," त्या म्हणाल्या आणि जेवायची वेळ झाली म्हणून नातसुनेला हाक मारली.